अरब देशांतील उद्योगसुलभता : क्रमवारी आणि तिच्या मर्यादा
नवी दिल्ली : जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस 2020' अहवालातील 190 अर्थव्यवस्थांच्या क्रमवारीत अरब देशांमध्ये मोठी तफावत होती. संयुक्त अरब अमिराती 16व्या, बहारीन 43व्या, मोरोक्को 53व्या, सौदी अरेबिया 62व्या, इजिप्त 114व्या, तर संघर्षग्रस्त येमेन 187व्या स्थानी होता. भारताचा क्रमांक 63वा होता.

कंपनी नोंदणी, बांधकाम परवाना, वीजजोडणी, करभरणा, करारांची अंमलबजावणी आदी दहा निकषांवर ही क्रमवारी ठरत असे. मोजमाप मात्र प्रामुख्याने मोठ्या व्यापारी शहरांतील मर्यादित दायित्वाच्या कंपन्यांपुरते होते. भारताच्या गुणांत दिल्लीला 53 आणि मुंबईला 47 टक्के भारांश होता. तरीही दिल्लीतीलच मुनिरका या नागरी गावात एकल मालकीने किराणा दुकान किंवा खाणावळ चालविणाऱ्याच्या अडचणी त्यात उमटत नसत. कैरोतील फेरीवाल्यांबाबतही तेच म्हणता येईल.

2018 आणि 2020च्या अहवालांत चीन, अझरबैजान, सौदी अरेबिया व अमिरातीच्या आकडेवारीत अनियमितता आढळल्या. सप्टेंबर 2021मध्ये बँकेने हा अहवाल बंद केला. ऑक्टोबर 2024मध्ये 50 अर्थव्यवस्थांसह आलेल्या 'बिझनेस रेडी' अहवालात नियमांबरोबरच सार्वजनिक सेवा आणि प्रत्यक्ष कार्यक्षमताही तपासली जाते.

दरम्यान, अमिरातीने जून 2021पासून मुख्य भूमीवरील बहुतांश व्यवसायांत 100 टक्के परकीय मालकीस मुभा दिली. भारताशी तिचा सर्वंकष आर्थिक भागीदारी करार 1 मे 2022 रोजी लागू झाला. त्यामुळे तेथे व्यवसाय करू इच्छिणाऱ्या भारतीयांनी जुन्या क्रमांकापेक्षा सध्याचे नियम पाहणे आवश्यक ठरते.