पहिल्या दूरयात्रेची तयारी

आज काशीस जावयाचें म्हणजे तिकीट काढावें, एक पेटी भरावी आणि आगगाडींत बसावें, इतकें तें सोपें झालें आहे. आगगाडीपूर्वीं याच यात्रेला जाऊन येऊन वर्षदीडवर्ष सहज लागे. ज्यानें पंढरपूर-आळंदीपलीकडे कधीं पाऊल टाकलेलें नाहीं असा गृहस्थ या यात्रेची तयारी कशी करीत असे, आणि तींतील कोणती तयारी प्रसंगीं उपयोगीं पडत असे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

मी राहतों तें टाकवें बुद्रुक हें गांव अंदर मावळांतलें. येथून पुढें डोंगराकडे जाणारी वाट कुसूर घाटानें भिवपुरीकडे कोंकणांत उतरते. दक्षिणेस बोरघाट, उत्तरेस नाणेघाट. सह्याद्रीच्या या साऱ्या वाटा कित्येक शतकें बैलांच्या पाठीवर चालल्या. बोरघाटांतून चाकाची गाडी जाऊं लागली ती १८३० सालीं. तोंपर्यंत कोंकणचें मीठ वर आणावयाचें आणि देशावरचें धान्य खालीं न्यावयाचें तें लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांनीं. पीटर मंडी नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत धान्य वाहणारा चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. असा तांडा म्हणजे चालतें गांवच. बायकामुलें, कुत्रीं, पालें, चुली, सारें बरोबर. त्याला प्रवासाची वेगळी तयारी ती काय करावयाची? यात्रेकरूची गोष्ट निराळी. तांडेवाल्यानें जन्मभर कमावलेली विद्या त्याला चारदोन महिन्यांत शिकावी लागे.

पहिली गोष्ट काळाची. पुण्याहून काशी चारशें कोसांहून अधिक. दिवसाची मजल पांचसहा कोसांची धरली तरी अडीच-तीन महिने नुसतें चालणें. म्हणून बहुधा दसरा झाल्यावर निघावयाचें. पाऊस सरलेला, नद्यांना उतार, जनावरांना चारा आणि विहिरींना पाणी. परतीस उशीर झालाच तर चातुर्मास एकाद्या क्षेत्रीं काढावयाचा. नवख्याची पहिली चूक होई ती येथेंच; तो कोस मोजी, पण पावसाळा मोजीत नसे.

दुसरी गोष्ट सामानाची. पडशी, घोंगडी, तांब्या आणि विहिरींतून पाणी काढण्यास पुरेशी लांब दोरी. विस्तवासाठीं चकमक, गारगोटी आणि कापूस. चूल मांडण्यास वेळ नसेल त्या दिवसासाठीं सातूचें पीठ, भाजणी, मेतकूट. ऐपत असल्यास एक तट्टू. यापलीकडे घेतलेली प्रत्येक वस्तु पहिल्याच घाटांत जड होई, हें अनुभवी मंडळी सांगत. पण नवख्याला तें घाट चढल्यावरच पटे.

तिसरी गोष्ट पैशाची. रोकड कमरेच्या कशांत थोडीच ठेवावयाची. मोठी रक्कम पुण्याच्या सावकाराकडे भरून त्याची हुंडी घ्यावयाची आणि ती उज्जैन, झांशी किंवा काशी येथील पेढीवर वटवावयाची. कांहीं हुंड्या दर्शनी, म्हणजे दाखवितांच पैसे देणाऱ्या, कांहीं मुदती. वाटेंत जकातीचीं नाकीं असत आणि प्रयाग-गयेस यात्रेकरूंवर करही असे. कंपनी सरकारनें तो १८४० सालीं उठविला.

आणि चौथी, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सोबत. एकट्यादुकट्यानें नर्मदेपलीकडे जाणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होतें. मौज अशी कीं, सर्वांत मोठें भय सोबतीच्याच रूपानें येई. ठग हे रानांतून धांवून येत नसत. तेही प्रवासीच बनून भेटत, दोनचार मजला गोड बोलत बरोबर चालत आणि विश्वास बसला म्हणजे गळ्यास रुमाल लावीत. १८३० नंतर स्लीमन साहेबानें त्यांचा बंदोबस्त केला, तोंपर्यंत किती घरांतील माणसें काशीस म्हणून गेलीं आणि परत आलीं नाहींत, याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं.

तेव्हां सोबत कशी निवडावी? माणसें जितकीं अधिक तितकी ती निर्भय, असें सहज वाटतें. आपल्या इतिहासांतील दोन यात्रा शेजारीं ठेवून पाहिल्या तर उत्तर निराळें मिळतें.

पहिली यात्रा बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई यांची. १७३५ च्या फेब्रुवारींत त्या पुण्याहून निघाल्या आणि १७३६ च्या जूनच्या सुमारास परत आल्या. वाट राजपुतान्यांतून, म्हणजे जेथें मराठ्यांचें राज्य नाहीं आणि बाजीरावांविषयीं सर्वांचें मन स्वच्छ आहे असेंही नाहीं, अशा मुलखांतून होती. तरी उदयपुरास व जयपुरास त्यांचा सन्मान झाला आणि मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या सुखरूप घरीं आल्या. बरोबर माणसें होतींच. पण खरी तयारी माणसांची नव्हती. ज्यांच्या मुलखांतून जावयाचें त्यांचा सलोखा आधीं मिळविलेला होता आणि बरोबरच्या सर्व मंडळींना यात्रेवांचून दुसरा हेतु नव्हता.

दुसरी यात्रा पंचवीस वर्षांनंतरची. १७६० च्या मार्चमध्यें परतूरहून सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेस निघाली. एवढ्या प्रचंड फौजेची सोबत पुन्हां केव्हां मिळणार, असें म्हणून कितीएक कुटुंबें यात्रेसाठीं तिच्याबरोबर निघालीं. त्यांत पुढें प्रसिद्धीस आलेले नाना फडणीस होते. वय अठरा वर्षांचें. बरोबर आई आणि पत्नी. चोराचिलटांचें भय नाहीं, ठगांचें नाहीं, धान्यपाण्याची व्यवस्था फौजेची. यापेक्षां चांगली सोबत कोणती?

पण ती फौज काशीस जात नव्हती, लढाईस जात होती. बायकामुलें आणि जड सामान मागें किल्ल्यांत ठेवावें आणि सड्या फौजेनिशीं पुढें जावें, असा सल्ला सुरजमल जाटानें दिला होता. तो मानला गेला नाहीं. नोव्हेंबरपासून पानिपतास अबदालीनें दिल्लीची वाट अडविली, रसद तुटली, आणि यात्रेकरूंना ना पुढें जातां येई ना मागें फिरतां येई. जें अन्न लढणाऱ्यांना पुरेना त्यांतच त्यांचीही तोंडें होतीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. नाना अंगावरचे कपडे टाकून, गवतांत लपत, झाडपाला खात कसेबसे सुटले. पत्नी वांचली. आई परत मिळाली नाहीं. वांचलेल्या अन्नवस्त्रहीन माणसांना सुरजमलानेंच आपल्या मुलखांत आश्रय दिला, हें महाराष्ट्रानें विसरूं नये.

या यात्रेकरूंची तयारी कमी पडली असें म्हणवत नाहीं. त्यांनीं सोबत किती मोठी आहे हें पाहिलें. ती कोठें चालली आहे हें पाहिलें नाहीं. आपण तीर्थास निघालों आणि सोबती युद्धास निघाला, तर शेवटीं आपणही रणांतच पोंचणार.

तिसरें उदाहरण साध्या माणसाचें आहे. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. घरीं दारिद्र्य आणि कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख याग करणार आणि दक्षिणा मोठी मिळणार, ही वार्ता ऐकून १८५७ सालीं ते चुलत्यांबरोबर निघाले. एवढा लांबचा हा त्यांचा पहिलाच प्रवास. मुलगा दूरदेशीं व्यसनांत आणि मोहांत सांपडेल या भयानें वडिलांचें मन घेत नव्हतें. महूच्या सुमारास शिपायांनीं त्यांना सांगितलें कीं, बंड होणार आहे, मागें फिरा. ते फिरले नाहींत. पुढें झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, कत्तल पाहिली आणि मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. तरी ते घरीं परत आले, गंगेची कावड घेऊन आले, आणि त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें.

पैसा गेल्यावर त्यांना तारलें कोणी? पाठ केलेल्या विद्येनें आणि चुलत्यांच्या सोबतीनें. जेथें जात तेथें धर्मकृत्य करून पोट भरतां येई, आणि ही शिदोरी लुटणाऱ्याच्या हातीं लागण्यासारखी नव्हती. १८८३ च्या सुमारास त्यांनीं ही हकीकत लिहिली व १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं ‘माझा प्रवास’ या नांवानें ती छापली. दूर जाणाऱ्या प्रत्येक तरुणानें ती वाचावी.

हल्लीं मोटारीलाच घराचें रूप देऊन महिनेच्या महिने हिंडण्याची आवड वाढत आहे. अशा वाहनाला कॅराव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी, आपल्या ‘काफल्या’च्या अर्थाचा. महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. पहिल्यानेंच असे निघणारे तरुण सामानाची याद मोठ्या हौसेनें करतात, आणि ती करावीच. परंतु पूर्वींचा यात्रेकरू याहून एक गोष्ट अधिक करी. निघण्यापूर्वीं तो देणीं फेडी, शेताची वहिवाट भावाच्या हवालीं करी, वडिलधाऱ्यांच्या पायां पडे आणि कोणाशीं वैर असल्यास तें मिटवी. परत येऊं न येऊं, घर मोकळ्या मनानें सोडावें हा त्यांतील हेतु. आणि परत आल्यावर गंगापूजन करून तो मावंदें घाली, तेव्हां त्या पंक्तीला सारें गांव जेवे. कारण त्याची शेतीवाडी आणि गुरेंढोरें तेवढे दिवस गांवानेंच सांभाळलेलीं असत. चारशें कोसांच्या यात्रेंत त्याची ही सोबत मागें राहिलेली होती, आणि ती नसती तर त्याला निघतांच आलें नसतें.