टायलोमेलानिया
इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पोसो सरोवरात व मालिली सरोवरसमूहात आढळणाऱ्या, लांबट शंक्वाकार शंख असलेल्या गोड्या पाण्यातील गोगलगायींची प्रजाती. साराझिन बंधूंनी १८९७ मध्ये तिचे वर्णन केले. मादी बाहेर अंडी न घालता बहुधा एका वेळी एकच पिल्लू प्रसवते, आणि दुधाळ आवरण फाडून ते वाळूवर सरकू लागते तेव्हाच त्याच्या पाठीवर चिमुकला पण सर्वांगपूर्ण शंख असतो, हे दृश्य विलक्षण मनोहर होय. घरगुती मत्स्यपेटीत २६ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे, किंचित अल्कधर्मी पाणी व बारीक वाळू यांची दरकार असते. चुन्याचा अंश अपुरा पडल्यास शंखाचे टोक झिजते. प्रजनन मंद असल्याने सरोवरांतून बेसुमार पकडलेल्या गोगलगायींऐवजी पाळीव पैदाशीच्याच खरेदी कराव्यात.