वाऱ्यावरची करवत : हॉलंडपासून वेंगुर्ल्याच्या वखारीपर्यंत

यंत्रे येण्यापूर्वी पेडणे आणि डिचोलीतील घरांच्या तुळया, वासे, चौकटी हातकरवतीने कापल्या जात. ओंडका उंचावर चढवायचा, काव लावलेल्या सुताने रेषा मारायची, मग एक करवत्या वर आणि एक खाली उभा राहून दिवसभर करवत ओढायची. भुसा खालच्याच्या डोळ्यांत.

हेच काम वाऱ्याकडून करून घेण्याची युक्ती हॉलंडमधील आउटगेस्ट गावच्या कोर्नेलिस कोर्नेलिसझोन या शेतकऱ्याला सुचली. 1593 मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. पवनचक्कीची पाती फिरतात, पण करवत वरखाली व्हायला हवी. हा बदल वाकड्या दांड्याने, म्हणजे क्रँकने, साधला. एका चौकटीत अनेक पाती बसवल्याने एका फेरीत ओंडक्याच्या कित्येक फळ्या निघत आणि ओंडकाही यंत्रानेच पुढे सरके. हाताने 120 दिवस लागणारे 60 ओंडके चार-पाच दिवसांत कापून होत, असा हिशोब नेहमी सांगितला जातो.

अॅमस्टरडॅममधील करवत्यांच्या संघाने विरोध केला, तेव्हा धंदा जवळच्या झान नदीकाठी वाढला. तिथे एकेका चक्कीत अनेकांचे हिस्से असत. बँकेत आयुष्य घालवलेल्या आम्हांला हा भाग विशेष रोचक वाटतो. लंडनमध्ये मात्र लाइमहाऊसची अशी गिरणी 1768 मध्ये करवत्यांच्या जमावाने मोडून टाकली. पोटाचा प्रश्न होता, त्यांना केवळ अडाणी म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही.

झानकाठच्या फळ्यांमुळे डच जहाजे स्वस्तात आणि झटपट बांधली जाऊ लागली. त्याची झळ आपल्या किनाऱ्याला लागली. 1636 पासून डचांच्या आरमाराने काही वर्षे मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांची कोंडी केली आणि 1637 मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने तेरेखोलच्या उत्तरेला वेंगुर्ल्यात वखार घातली. तिच्या भिंती आजही उभ्या आहेत. वाऱ्यावरची करवत मात्र आपल्याकडे रुजली नाही. आमच्या मते, कुशल करवत्ये मुबलक असताना एवढे भांडवल कोण गुंतवणार?

जुने घर पाडण्यापूर्वी सभासदांनी तुळया नीट पाहाव्यात. तिरप्या, कमीजास्त अंतरावरच्या खुणा हातकरवतीच्या. कमानीसारख्या वळलेल्या खुणा गोल पात्याच्या, म्हणजे नंतरच्या सॉ मिलच्या. फोटो काढून ठेवावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना करवत्ये कुठून येत, हे विचारून लिहून ठेवावे.