ब्लॅकस्टार (डेव्हिड बोवी यांचा अल्बम)

ब्लॅकस्टार हा इंग्लिश रॉक गायक व गीतकार डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) यांच्या हयातीत प्रकाशित झालेला त्यांचा अखेरचा अल्बम होय. तो ८ जानेवारी २०१६ रोजी, बोवी यांच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, प्रकाशित झाला. दोनच दिवसांनी, १० जानेवारी रोजी, न्यू यॉर्क येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आजाराची वार्ता कुटुंबीय व मोजक्या सहकाऱ्यांपुरतीच मर्यादित होती. त्यामुळे या अल्बमच्या स्वागताचे दोन टप्पे पडतात : निधनापूर्वी तो धाडसी सांगीतिक प्रयोग म्हणून वाखाणला गेला, निधनानंतर तो मृत्यूच्या छायेतील निरोप म्हणून ऐकला जाऊ लागला.

पार्श्वभूमी

२००४ साली हृदयविकारामुळे दौरा अर्धवट सोडावा लागल्यानंतर बोवी सार्वजनिक जीवनातून बव्हंशी दूर राहिले. २०१३ मध्ये ‘द नेक्स्ट डे’ हा अल्बम त्यांनी अचानक प्रकाशित केला. त्याचे स्वरूप बरेचसे परिचित रॉक शैलीचे होते. ‘ब्लॅकस्टार’साठी मात्र त्यांनी सॅक्सोफोनवादक डॉनी मॅककॅस्लिन यांच्या न्यू यॉर्कमधील जॅझ वादकांना पाचारण केले. सहनिर्माते टोनी व्हिस्काँटी यांनी सांगितल्याप्रमाणे, रूढ रॉक संगीत टाळणे हा उद्देश होता आणि त्या काळात रॅप गायक केंड्रिक लमार यांचे संगीतही ऐकले जात होते. अल्बममध्ये सात गीते असून त्यांचा एकूण कालावधी सुमारे ४१ मिनिटे आहे. शीर्षकगीत एकटेच जवळजवळ दहा मिनिटांचे आहे.

निधनापूर्वीची समीक्षा

प्रकाशनाच्या सुमारास आलेली परीक्षणे बोवी यांच्या आजाराविषयी अनभिज्ञ समीक्षकांनी लिहिलेली होती. जॅझ आणि रॉक यांचा संयोग, तालवाद्यांची गुंतागुंत व आवाजातील आर्तता यांची त्यांत प्रशंसा झाली. प्रदीर्घ शीर्षकगीतामुळे १९७६ च्या ‘स्टेशन टू स्टेशन’ या अल्बमची अनेकांना आठवण झाली. परीक्षणांचे संकलन करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर अल्बमला १०० पैकी ८७ गुण आहेत.

गीतांचा अर्थ मात्र दुर्बोध वाटला. शीर्षकगीताचा संबंध इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेशी असल्याचे मॅककॅस्लिन यांनी सांगितले होते. बोवी यांच्या प्रतिनिधींनी ते नाकारले.

निधनानंतरचा अन्वयार्थ

निधनाची वार्ता जाहीर झाल्यावर, हा अल्बम म्हणजे बोवी यांनी चाहत्यांना दिलेली निरोपाची भेट होती, अशा आशयाचे निवेदन व्हिस्काँटी यांनी केले. त्यानंतर गीतांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. डिसेंबर २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘लॅझरस’ या गीताच्या चित्रफितीत बोवी डोळ्यांवर पट्टी बांधून रुग्णशय्येवर पडलेले दिसतात. तिला आता आत्मचरित्रात्मक अर्थ लाभला.

हा अन्वयार्थ सर्वस्वी ग्राह्य मानता येत नाही. चित्रफितीचे दिग्दर्शक योहान रेंक यांच्या म्हणण्यानुसार शय्येची कल्पना त्यांची स्वतःची होती आणि ती बायबलमधील लाझारसच्या कथेवरून सुचली होती. उपचार थांबवण्यात येत असल्याचे बोवी यांना चित्रीकरणाच्या काळातच समजले. बोवी यांना आणखी एक अल्बम करावयाचा होता, असेही व्हिस्काँटी यांनी नंतर सांगितले. मृत्यूची जाणीव गीतांत आहे, हे बहुतेक समीक्षक मान्य करतात; परंतु संपूर्ण अल्बम पूर्वनियोजित मृत्युपत्र होते, असे म्हणण्यास ही विधाने आधार देत नाहीत.

चाहत्यांचा प्रतिसाद

बोवी यांचे जन्मस्थान असलेल्या लंडनमधील ब्रिक्स्टन येथे त्यांच्या भित्तिचित्रापुढे चाहते मोठ्या संख्येने जमले. मुखपृष्ठावर छायाचित्राऐवजी काळी तारका होती. आरेखनकार जोनाथन बार्नब्रुक यांनी या आरेखनाचे घटक चाहत्यांना अव्यावसायिक वापरासाठी खुले केले. तबकडीचे आतील काळे वेष्टन उन्हात धरल्यास त्यावर तारे उमटतात, हे चाहत्यांच्या काही महिन्यांनी लक्षात आले. चाहत्यांमध्ये अशा गूढ संकेतांचा शोध पुढेही चालू राहिला.

विक्री आणि पुरस्कार

ब्रिटनमध्ये अल्बमने प्रथम क्रमांक मिळवला. अमेरिकेतील बिलबोर्ड २०० या यादीत प्रथम स्थानी पोहोचलेला हा बोवी यांचा पहिलाच अल्बम होता. तबकडीच्या स्वरूपात तो २०१६ मध्ये ब्रिटनमधील सर्वाधिक विक्रीचा अल्बम ठरला. या यशात शोकभावनेचा वाटा किती व संगीताचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. परीक्षणांतील प्रशंसेचा मोठा भाग मात्र निधनापूर्वीचाच आहे.

२०१७ च्या ग्रॅमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रॉक गीत व सर्वोत्कृष्ट पर्यायी संगीत अल्बम यांसह पाच पुरस्कार या अल्बमच्या वाट्याला आले. तत्पूर्वी बोवी यांना स्पर्धात्मक विभागातील ग्रॅमी केवळ एका चित्रफितीसाठी मिळाले होते. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम’ या प्रमुख विभागात ‘ब्लॅकस्टार’ला नामांकन नव्हते. त्याच वर्षी ब्रिट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अल्बम ठरला.