सुटलेल्या बाणाचा माग : प्रस्तावना

धनुर्विद्येचे शिक्षण बहुधा दोरी सुटते तिथेच थांबते. पाय कसे रोवावेत, खांदा कुठे असावा, नेम किती वेळ धरावा हे सगळे बाण हातात असतानाचे ज्ञान झाले. या पुस्तकाचा विषय त्यानंतरचा आहे. बाण हवेत कसा गेला, कुठे लागला आणि लागला नसेल तर कुठे पडला, याचाही रीतसर अभ्यास होऊ शकतो. बारामती-इंदापूरच्या मुलामुलींनी आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी तो आवर्जून हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपला भाग या विद्येला नवखा राहिलेला नाही. नीरा ओलांडली की फलटण तालुका. तिथल्या सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे चाके लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. या यशामागे नेम आहे, तसे साहित्याचे बारीक ज्ञानही आहे.

त्या साहित्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे नॉक, बाणाच्या शेपटाशी दोरीत अडकणारी प्लॅस्टिकची खाच. तिच्यात एलईडी आणि काडेपेटीतल्या काडीएवढा लिथियम सेल बसवला की झाला उजेडाचा नॉक. दोरीचा धक्का बसताच आतला संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. हे साधन वाढले ते अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये, धनुष्य आणि क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य, अशी दोन्ही वापरणाऱ्यांमध्ये. क्रॉसबोचा आखूड बाण इतक्या वेगाने जातो की संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात तो जनावराला लागला की नाही, लागला तर नेमका कुठे, हे साध्या डोळ्यांना कळत नाही. ते कळले नाही तर जखमी जनावर रानात तडफडत राहते. तरीही पोप अँड यंग क्लब या धनुष्य-शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने 2014 पर्यंत असा नॉक अमान्य ठरवला होता. धनुष्यावर वा बाणावर विजेचे साधन नको, ही तिची भूमिका होती. जखमी प्राण्याचा माग लवकर लागतो, हा युक्तिवाद अखेर तिने स्वीकारला. माझ्या मते ते योग्यच झाले.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि कडबनवाडीचा माळ इथली चिंकारा हरणे पाहण्यासाठी आहेत. स्पर्धेतही हा नॉक चालत नाही. जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. म्हणून त्याची जागा सरावात, आणि तिथे त्याच्याइतका बोलका शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. 50 मीटरला कंपाउंडचा बाण अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ हवेत असतो. सेकंदाला 240 चित्रे टिपणारा मोबाइल धनुर्धराच्या पाठीमागे उभा केला, की दिव्याची रेघ सगळे सांगते. रेघ वर-खाली हलली तर दोरीवर नॉक लावण्याची जागा तपासावी. डावी-उजवीकडे हलली तर बाणाचा ताठपणा आणि बाण टेकवण्याचा रेस्ट पाहावा.

निवड मात्र डोळसपणे करायला हवी. आधी शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या पोकळ दांड्याचा, आतला व्यास. तो जुळला नाही तर नॉक एक तर सैल बसतो किंवा शाफ्टला चीर पाडतो. मग दोरीची पकड. बाण दोरीला अडकवून टोक जमिनीकडे लोंबू द्यावे आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारावी. बाण तेवढ्यानेच सुटला पाहिजे. टिचकीआधीच गळला तर पकड सैल, दोन-चार टिचक्यांनीही न सुटला तर घट्ट. क्रॉसबोचे गणित वेगळे. त्याला अर्धचंद्राकार, सपाट किंवा दोरीला धरून ठेवणारा, यांपैकी निर्मात्याने सांगितलेलाच नॉक लागतो. चुकीचा बसवला तर दोरी बाणावरून निसटते, सगळा जोर क्रॉसबोच्या पात्यांवर उलटतो आणि ती तुटू शकतात.

वजनाकडे फार थोडे लोक पाहतात. साधा नॉक 0.6 ग्रॅमच्या आसपास, दिव्याचा दीड ग्रॅमपर्यंत. तेवीस ग्रॅमच्या, 28 इंची बाणाला शेपटाशी 0.9 ग्रॅम वाढले, तर संतुलनबिंदू जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर मागे सरकतो आणि पिसांची बाण सरळ करण्याची ताकद घटते. त्यामुळे दिव्याचे बाण वेगळे ठेवावेत आणि त्यांचे पॉइंटही, म्हणजे पुढची टोकेही, थोडे जड घ्यावेत.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. आपली सरावाची मैदाने बहुतेक शेताला लागून असतात. बटवरून, म्हणजे लक्ष्याच्या पाटावरून, गेलेला बाण उसात किंवा कडवळात शिरतो, आणि दिवस मावळला की मुले तो सोडून घरी जातात. कार्बनचा शाफ्ट मोडला की सुईसारख्या कुसळांत फुटतो. तो वैरणीबरोबर कापला गेला, कडबाकुट्टीतून बारीक होऊन गव्हाणीत पडला, तर मुक्या जनावराच्या पोटात काय होईल? कापणाऱ्याच्या तळहातात काय शिरेल? सोडलेला बाण भात्यात परत येईपर्यंत सोडणाऱ्याच्या जबाबदारीवर असतो. पाचटात चमकणारा नॉकचा हिरवा ठिपका ती पार पाडायला मदत करतो. एवढ्यासाठीसुद्धा प्रत्येक सराव-केंद्राने शेताकडच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या नवशिक्यांना असे बाण द्यावेत.

वाचकाने हे पुस्तक शेवटापासून वाचले तरी हरकत नाही. ज्याला आकडेमोडीचे भय वाटते त्याने थेट चौथ्या प्रकरणातल्या चित्रीकरणाकडे वळावे. पहिल्या प्रकरणासाठी मात्र एक तयारी लागेल. आपले सगळे बाण आणि नॉक घेऊन ओळखीच्या सराफाकडे जा, त्याच्या काट्यावर प्रत्येकाचे वजन वेगवेगळे करा आणि शाफ्टवर बारीक अक्षरात लिहून ठेवा.