मतभेद आणि बंधुप्रेम

जॉन वेस्ली व जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डपासूनचे स्नेही. मुक्ति सर्वांसाठीं खुली आहे, असें वेस्लींचें मत. ईश्वरानें निवडलेल्यांनाच ती लाभते, असें व्हाइटफील्डांचें. एकाला ईश्वराच्या दयेची चिंता, तर दुसऱ्याला त्याच्या सत्तेची. १७३९ सालीं वेस्लींनीं प्रवचनांतून पूर्वनियोजनाच्या सिद्धान्तावर कडक टीका केली. १७४१ सालीं व्हाइटफील्डांचें उत्तर छापून निघालें. अनुयायांत फूट पडली. पुढें दोघांचा समेट झाला. मत मात्र कोणीहि सोडलें नाहीं. १७७० सालीं व्हाइटफील्ड अमेरिकेंत वारले. त्यांच्याच इच्छेप्रमाणें लंडन येथें त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन केलें, तें वेस्लींनीं! सत्याची पारख करतांना ते एकमेकांस कायमचे पारखे झाले नाहींत.