१७ डिसेंबरची गोष्ट

दर वर्षी १७ डिसेंबरला गावोगावच्या पेन्शनर संघटनांमध्ये पेन्शनर दिन साजरा होतो. सभा भरते, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना शाल आणि श्रीफळ मिळतं, चहा-बिस्किटं होतात आणि मंडळी घरी जातात. परवा पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, शिक्षक दिन ठाऊक आहे, पण हा पेन्शनरांचा दिवस कोणी काढला?" मी त्याला म्हटलं, सावकाश लिहून पाठवते. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे दोन वाक्यांत उत्तर देणं काही जमत नाही. तेव्हा मंडळी, जरा धीर धरून वाचा.

या दिवसाचं मूळ एका खटल्यात आहे. डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार. निकालाची तारीख १७ डिसेंबर १९८२.

झालं होतं असं. केंद्र सरकारने २५ मे १९७९ रोजी पेन्शनचा हिशेब करण्याची नवी, उदार पद्धत जाहीर केली. त्याआधी शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी काढून त्यावर पेन्शन ठरत असे. आता शेवटच्या १० महिन्यांची सरासरी धरायची असं ठरलं. नोकरीच्या अखेरीला पगार सर्वांत जास्त असतो, म्हणजे १० महिन्यांची सरासरी ३६ महिन्यांच्या सरासरीपेक्षा वरचढच येणार. शिवाय पहिल्या १,००० रुपयांवर ५० टक्के, पुढच्या ५०० रुपयांवर ४५ टक्के आणि उरलेल्या रकमेवर ४० टक्के असे टप्पे केले. पूर्ण नोकरी झालेल्या माणसाची सरासरी १,५०० रुपये आली, तर ५०० अधिक २२५, म्हणजे महिना ७२५ रुपये पेन्शन. त्या काळच्या मानाने ही रक्कम बरी होती. पेन्शनची कमाल मर्यादाही वाढवली.

सगळं चांगलंच होतं. फक्त एक अट होती. ३१ मार्च १९७९ रोजी जे नोकरीत होते आणि त्या दिवशी किंवा नंतर निवृत्त झाले, त्यांनाच हा लाभ. त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनाच हिशेब.

आता विचार करा. दोन कारकून एकाच कचेरीत, एकाच हुद्द्यावर, सारख्याच पगारावर, सारखीच वर्षं नोकरी केलेले. एक निवृत्त झाला ३० मार्चला आणि दुसरा ३१ मार्चला. एका दिवसाच्या फरकाने दुसऱ्याला जन्मभर जास्त पेन्शन आणि पहिल्याला कमी. बाजारात मात्र तूरडाळ दोघांना एकाच भावाने मिळणार! आणि जो जास्त म्हातारा, ज्याला औषधपाणी जास्त लागतं, तोच नेमका जुन्या हिशेबात अडकलेला.

नकारा हे केंद्र सरकारचे सेवानिवृत्त अधिकारी. १९७२ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांची पेन्शन महिना ६७५ रुपये ठरली होती. महागाईची मदत धरून ती ९३५ रुपयांवर गेली होती. त्यांच्याबरोबर अर्जदार म्हणून सैन्यदलातले एक निवृत्त अधिकारी होते. तिसरी अर्जदार होती 'कॉमन कॉज' नावाची संस्था. माझ्या मते या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं पात्र हे तिसरंच आहे.

हरिदेव शौरी हे स्वतः निवृत्त सनदी अधिकारी. पत्रकार आणि पुढे मंत्री झालेल्या अरुण शौरींचे वडील. त्यांनी १९८० साली दिल्लीत 'कॉमन कॉज' ही नोंदणीकृत संस्था काढली, तेव्हा त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं. नफा मिळवायचा नाही, राजकारण करायचं नाही, लोकांची सामाईक गाऱ्हाणी घेऊन सनदशीर मार्गाने लढायचं, असं या संस्थेचं काम. पेन्शनरांचा प्रश्न हा तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक. ज्या वयात आपण 'आता काय राहिलंय' असं म्हणून आरामखुर्चीत बसतो, त्या वयात या गृहस्थांनी देशभरच्या म्हाताऱ्यांचं वकीलपत्र घेतलं. २००१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २००५ साली ते गेले.

सरकारने कोर्टात संस्थेच्या अर्ज करण्याच्या हक्कावरच बोट ठेवलं. ही संस्था काही पेन्शन घेत नाही, मग तिचा यात संबंध काय? कोर्टाने यावर जे सांगितलं त्याचा आशय असा, की देशात असंख्य वृद्ध, थकलेले पेन्शनर आहेत. कोर्टाची खर्चिक आणि लांबलचक वाट चालणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यांच्या वतीने अशी संस्था उभी राहत असेल, तर तिला तो हक्क आहे. मला हा भाग निकालाइतकाच मोलाचा वाटतो. एकट्या म्हाताऱ्याने सर्वोच्च न्यायालयात जायचं म्हणजे वकिलाची फी, दिल्लीच्या खेपा आणि निकाल लागेपर्यंत आपण असू की नसू याची चिंता. ते ओझं संस्थेने उचललं.

खटला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे चालला. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. न्या. तुळजापूरकर, न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. बहरुल इस्लाम हेही पीठावर होते. निकालपत्र लिहिलं न्या. डी. ए. देसाई यांनी.

सरकारचं म्हणणं होतं, की कुठलीही योजना सुरू करायची तर तारीख ठरवावीच लागते, आणि सगळ्यांना द्यायचं तर पैसा किती लागेल! कोर्टाने त्याला उत्तर दिलं. पेन्शन हा काही ठरावीक रकमेचा हंडा नाही, की जेवायला जास्त माणसं आली तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल. ती सरकारी तिजोरीतून दिली जाते. (हंड्याची उपमा माझी हं, कोर्टाची नव्हे.) पेन्शनर हा एकच वर्ग आहे. त्याचे तारखेवरून दोन तुकडे पाडायला एकही पटण्याजोगं कारण दिसत नाही, म्हणून ते घटनेच्या १४व्या कलमातल्या समानतेच्या विरुद्ध आहे. पेन्शन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे. उमेदीची वर्षं ज्याने कामात घालवली, त्याला म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे न बघता मानाने जगता यावं, यासाठी ती आहे.

निकाल असा झाला, की जुन्या पेन्शनरांचाही हिशेब नव्या पद्धतीने करायचा, मात्र वाढीव रक्कम १ एप्रिल १९७९ पासूनच मिळेल, त्याआधीची थकबाकी नाही. मला हा व्यवहारी तोडगा वाटतो. पुढे निरनिराळ्या राज्यांतल्या पेन्शनरांनीही याच निकालाचा आधार घेतला.

शौरी एवढ्यावर थांबले नाहीत. निवृत्तीच्या वेळी आपण पेन्शनचा काही भाग विकतो, म्हणजे एकरकमी पैसे घेतो. बहुतेक वेळा ते मुलीच्या लग्नात नाहीतर घराच्या छपरात जातात. त्या बदल्यात तेवढी पेन्शन कापली जायची ती कायमची, मग माणूस नव्वद वर्षं का जगेना. 'कॉमन कॉज' पुन्हा कोर्टात गेली. डिसेंबर १९८६ मधल्या निकालाने १५ वर्षांनंतर कापलेला भाग पुन्हा सुरू होऊ लागला. वसुली साधारण १२ वर्षांतच होऊन जाते हेही कोर्टाने नोंदवलं होतं, म्हणून तर १५ची १२ करा ही मागणी संघटना अजून करतात.

आता घरातल्यांविषयी थोडं. पेन्शनर आजारी पडतो तेव्हा त्याचं उठवणं-बसवणं, पथ्यपाणी, रात्रीचं जागरण करतं कोण? बायको, सून, किंवा लग्न न करता घरी राहिलेली मुलगी. या सेवेला ना पगार ना रजा. आणि पेन्शनर गेला की पेन्शनही अर्धीमुर्धी होते किंवा थांबते. १९६४च्या कुटुंब-पेन्शन योजनेत दोन महिन्यांच्या पगाराइतका हप्ता भरावा लागे. ज्यांनी तो भरला नव्हता किंवा जे त्याआधीच निवृत्त झाले होते, त्यांच्या विधवा बाहेरच राहिल्या. १९७७ साली हप्ता रद्द झाला तरी या बायका होत्या तिथेच. अखेर १९८५ साली पूनमल या खटल्यात त्यांना २२ सप्टेंबर १९७७ पासून कुटुंब-पेन्शन मिळाली. आणि पंचविशी उलटलेल्या विधवा व घटस्फोटित मुलींचा विचार केंद्राच्या नियमांत व्हायला २००४ साल उजाडलं. अविवाहित मुलीसाठी २००७. आईबापांची सेवा करता करता जिचे केस पिकले, ती मुलगी सरकारच्या कागदावर 'अवलंबून' ठरायला एवढी वर्षं गेली!

आता हे सगळं आज का सांगतेय? कारण मिळालेलं कायम राहतंच असं नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ पासून आपल्या राज्याच्या नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच शिक्षकखोलीत बसणाऱ्या दोन शिक्षकांचं म्हातारपण पुन्हा तारखेवरून वेगळं झालं. एप्रिल २०२५ पासून केंद्राने त्यांच्यासाठी आणखी एक योजना आणली आहे. पण त्याच वर्षी वित्त विधेयकाबरोबर असाही कायदा झाला, की पेन्शनरांमध्ये निवृत्तीच्या तारखेवरून फरक करण्याचा अधिकार सरकारला आहे. म्हणजे १९८२ साली जे दार बंद केलं होतं, तेच किलकिलं झालं. पेन्शनर संघटना यावर अस्वस्थ आहेत त्या उगाच नाहीत.

आणि आपण पेन्शनर म्हणजे काही सगळे म्हातारे नव्हेत, हेही विसरून चालायचं नाही. एस.टी.तून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची पेन्शन १९९५च्या योजनेतली. तिची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली, आणि ती वाढावी म्हणून ही वृद्ध मंडळी वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत. शेतमजूर म्हातारीला तर केंद्राकडून मिळणारा वाटा ऐंशीच्या आत २०० रुपयांचा, बाकी भर राज्य घालेल ती. त्यांच्यासाठी नकारा कोण आणि शौरी कोण?

सुना-लेकींनो, तुमच्या घरी पेन्शनर असेल तर दोन गोष्टी करा. पेन्शनच्या कागदांत कुटुंबातल्यांची नावं नीट नोंदलेली आहेत का ते बघा. आणि हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला वेळेवर द्या.

आणि पेन्शनर मित्रमैत्रिणींनो, १७ डिसेंबरच्या सभेत शाल जरूर घ्या. पण त्या दिवशी संघटनेची वर्गणीही भरा, आणि ज्याला पेन्शन नाही अशा एका तरी म्हाताऱ्याचा अर्ज भरून द्या. शौरींनीही अर्जच केला होता.

फार लांबलं, माफ करा. शिक्षकाची खोड!